उंदरांना खेळणी देणाऱ्या कलाबाई

१९८६ च्या जूनमध्ये मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी विभागात पाय ठेवला आणि मागच्या खोलीतून एका बाईचा आवाज आला. बाई कुणाला तरी झापत होती. मला वाटलं शिपायाला झापत असेल. जाऊन पाहिलं तर समोर आमचे विभागप्रमुख उभे होते, प्राध्यापक चुडामण भामरे, हातात चष्मा धरून.

"हाई जित्राब शे, सर. पितळनं भांडं नही, ठेवं तठे पडी ऱ्हावाले!"

मी जळगाव शहरात वाढलेली. अहिराणी मला अर्धीमुर्धी कळायची, पण हे वाक्य पूर्ण कळलं. त्या बाई म्हणजे कलाबाई बैसाणे. वय चाळिशीचं, अंगाने काटक, खाकी कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. एरवी ऑफिसात त्या आमच्यासारखीच मराठी बोलत. राग आला की थेट अहिराणीत उतरत. पुढच्या काही वर्षांत माझी अहिराणी फार चांगली झाली.

त्या मागच्या खोलीला आम्ही 'ॲनिमल हाउस' म्हणायचो. नाव मोठं, खोली दहा बाय बाराची. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर पत्र्याचे पिंजरे, प्रत्येकात चार पांढरे उंदीर. चाळीस-पन्नास जनावरं. मुलांच्या प्रॅक्टिकलला लागायची ती. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, पाण्याची बाटली, खायच्या गोळ्या. बाकी काही नाही. कलाबाई साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. कॉलेजात त्या झाडूवाली म्हणून लागल्या, आणि तीनच महिन्यांत त्यांना ह्या खोलीत टाकलं गेलं. का टाकलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि परत कधी त्या विषयाला हात लावला नाही. हेडक्लार्क सगळ्यांसमोर म्हणाला होता, "उंदरांची घाण दुसरं कोण काढणार? हे काम ह्यांच्याच लोकांना जमतं."

"त्यानी तोंड वाकडं करीसन दिन्हं काम," कलाबाई म्हणाल्या, "मी असं करी दखाडसू का त्याले लाज वाटी."

त्यांनी सुरुवात केली ती नुसतं बघण्यापासून. काम संपलं की पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसायच्या. उंदीर गज कुरतडत असत. एक मादी दिवसभर एकाच कोपऱ्यात गोल फिरायची, कायम उजवीकडेच वळत, थांबायची नाही. बाकीचे एकमेकांचे कान चावायचे. जवळजवळ प्रत्येकाचा कान फाटलेला. भामरे सर म्हणायचे, तो त्यांचा स्वभाव. कलाबाई म्हणायच्या, "दिनभर खोलीमा कोंडं तर माणूसबी असाच चकरा मारस. हाऊ सोभाव नही. हाई रिकामपन शे."

मग त्यांनी खेळणी आणायला सुरुवात केली.

कापडगिरणीतल्या फुटक्या लाकडी बॉबिनी आल्या. कुरतडायला लाकूड, आणि ढकललं तर गडगडतं. नारळाच्या करवंट्यांना भोकं पाडून त्यांनी घरं केली. सुतळीच्या शिड्या विणल्या, केळीची वाळलेली सोपटं टांगली. काडेपेटीची घासायची बाजू सोलून टाकायची, आत एक शेंगदाणा ठेवायचा आणि पेटी बंद करून द्यायची. पहिल्या दिवशी उंदरांनी पेटीचे तुकडे केले. चौथ्या दिवशी एकाने पंजाने कप्पा सरकवून दाणा काढला, आणि कलाबाईंनी मला वर्गातून बोलावून आणलं. वर्ग चालू होता. मी गेले.

सगळंच जमलं असं नाही. सायकलच्या आऱ्या वाकवून त्यांनी एक फिरतं चाक केलं होतं. दुसऱ्याच दिवशी एका पिल्लाची शेपूट दोन आऱ्यांमध्ये अडकली आणि सोलून निघाली. त्या दिवशी कलाबाई स्वतःवर जेवढ्या चिडल्या तेवढ्या भामरे सरांवरही कधी चिडल्या नव्हत्या. चाक त्यांनी दगडाने ठेचलं. नवं केलं ते तुपाच्या मोठ्या डब्याच्या पत्र्याचं, सलग, फटच नाही, आतून गोणपाट चिकटवलेलं, नखांना पकड मिळावी म्हणून.

उथळ ताटात पाणी घालून त्यात त्या मटार सोडायच्या. उंदीर काठावर उभे राहून पंजाने मटार पकडायचे, पाणी लागलं की हात झटकायचे आणि परत वाकायचे. गोणपाटाखाली बोटं हलवली की एक पांढरं पोर लांबून धावत यायचं, बोटांवर झेप घ्यायचं, पळायचं, वळून बघायचं आणि परत यायचं. चावायचं नाही. कलाबाई त्याला उलटं करून पोटाला गुदगुल्या करायच्या. मी प्राणिशास्त्राची एम.एस्सी. उंदराच्या पोटात काय काय असतं ते मला पाठ होतं. त्याच्याशी खेळता येतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"आठ दिवसमा खेळनं शिळं व्हई जास," त्या सांगायच्या. म्हणून त्यांनी दोन संच केले होते. एक पिंजऱ्यात, एक धुऊन उन्हात. दर सोमवारी अदलाबदल. कुणाला काय आवडतं तेही त्यांना माहीत असायचं. एक नर सगळ्या बॉबिनी ओढून कोपऱ्यात जमा करायचा, त्याचं नाव मुकादम. एक म्हातारी करवंटीतून बाहेरच यायची नाही. तिला तिथेच दाणे मिळायचे.

सहा महिन्यांत कान फाटणं जवळजवळ थांबलं. ती गोल फिरणारी मादी मात्र मरेपर्यंत फिरत राहिली. "हिले उशीर व्हयना," कलाबाई म्हणाल्या. ते मला आजही डाचतं.

भामरे सरांनी ह्या सगळ्यावर मेमो दिला. 'महाविद्यालयाच्या पिंजऱ्यात अनधिकृत वस्तू ठेवून प्रायोगिक प्राण्यांच्या नैसर्गिक वर्तनात हस्तक्षेप केल्याबद्दल खुलासा करावा.' कलाबाईंनी तो तीनदा वाचला. मग फुलस्केप कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात, ह्यावेळी शुद्ध मराठीत, लिहिलं:

'पत्र्याच्या पिंजऱ्यात नैसर्गिक काय आहे ते साहेबांनी लेखी कळवावे. म्हणजे मी तेवढे ठेवून बाकीचे काढून टाकीन.'

उत्तर आलं नाही. खेळणी राहिली. पण त्या दिवसापासून भामरे सर त्या खोलीत पाय ठेवायचे बंद झाले, आणि कलाबाईंचं नाव निघालं की फक्त "ती बाई" म्हणायला लागले.

प्रॅक्टिकल संपल्यावर म्हातारे उंदीर उरायचे. नियमाप्रमाणे त्यांना संपवायचं असे. कलाबाईंनी तोंडी परवानगी मागितली आणि सर मानेनेच हो म्हणाले. तेव्हापासून चार-पाच म्हातारे कायम त्यांच्या घरी असत. पांझरा नदीकाठच्या वस्तीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. नवरा कधीच वारलेला, मुलगी वरणगावला दिलेली. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, खाली धान्याच्या खोक्यांचा तीन मजली महाल. खोकी जवळच्या किराणा दुकानातून यायची. दुकान कन्हैयालाल शेठचं. त्यांची बायको प्रेमकुंवर भाभी खोकी राखून ठेवायच्या आणि कधीकधी स्वतः बघायला यायच्या. "गणपतीचं वाहन छे," असं म्हणून लांबून नमस्कार करायच्या. हात मात्र लावायच्या नाहीत.

१९९४ चा सप्टेंबर आला.

सुरतेत प्लेग निघाला अशी बातमी आली आणि दोन दिवसांत धुळ्याची तऱ्हाच बदलली. सुरतेकडून येणाऱ्या एस.टी. गाड्या टपापर्यंत भरून यायला लागल्या. आपलीच माणसं होती ती, मागांवर आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत कामाला गेलेली. पण स्टँडवर लोक त्यांच्यापासून दहा हात लांब उभे राहायचे. तोंडाला रुमाल, मेडिकलपुढे रांगा, टेट्रासायक्लिन कुठेच नाही. कुणी शिंकलं तर हॉटेलातलं बाक रिकामं व्हायचं.

कॉलेजच्या संचालक मंडळातल्या कुणीतरी भामरे सरांना विचारलं, "तुमच्याकडे उंदीर आहेत म्हणे?"

इथे मला नीट सांगायला हवं, कारण ह्यात मी आहे. आमचे उंदीर कॉलेजातच जन्मलेले, पाच-सहा पिढ्या बंद खोलीत वाढलेले. गटारातल्या उंदराशी, त्याच्या पिसवेशी त्यांचा संबंध नव्हता. हे भामरे सरांना माहीत होतं. ते प्लेगवर बी.एस्सी.च्या मुलांना दरवर्षी व्याख्यान द्यायचे. मलाही माहीत होतं. मंडळाला हे एका कागदावर लिहून देता आलं असतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, लोकांची भीती शास्त्राने जात नाही. काहीतरी केलेलं दिसावं लागतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कलाबाईंना एक फाइल देऊन जळगावला विद्यापीठात पाठवलं. फाइल पोस्टाने जाण्यासारखी होती. कलाबाई मला म्हणाल्या, "ताई, पानी बदलाले इसरू नका." मी म्हणाले, नाही विसरणार.

त्या गेल्या आणि आम्ही दार लावून घेतलं. मोठी काचेची बरणी, क्लोरोफॉर्म, कापसाचे बोळे. बेचाळीस उंदीर. मी हात आत घातला की ते पळाले नाहीत. माझ्या बोटांवर चढले. त्यांना वाटलं, खेळायला काढतायत. मी मोजत होते, मोजलं की विचार येत नाही म्हणून. कितव्याला माझा हात थांबला ते नाही सांगत. थांबला, आणि परत चालू झाला, एवढं खरं.

सकाळी कलाबाई आल्या. पिंजरे धुऊन पालथे घातलेले. खेळणी एका पोत्यात भरून दाराशी ठेवलेली. त्या पोत्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"बठ्ठा?"

"सगळे," मी म्हणाले.

"कोनी करं?"

"मी," मी म्हणाले. "आणि सर."

त्या रडल्या नाहीत. रडतील म्हणून मी तयार होते, रात्रभर त्याचीच तयारी केली होती. त्या ताडताड चालत केबिनमध्ये गेल्या, मी मागे धावले. भामरे सर उठून उभे राहिले.

"त्यास्ले प्लेग व्हता का?" कलाबाईंनी विचारलं.

"कलाबाई, परिस्थिती अशी आहे की—"

"व्हता का नही? तुम्ही शिकेल शेतस. व्हता का?"

"नव्हता."

"मंग लिखी द्या. कागदवर लिखा का, उंदरंस्ले प्लेग नव्हता, मी घाबरना म्हनीसन मारात. नाव टाका खाले."

"तुम्ही शांत व्हा."

"मी कसाले शांत व्हवू? त्या मना हातवर इसवास ठीसन उनात. तोच इसवास तुमना कामले उना!" मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या हातावर चढले असतील ना? ते मी शिकवलेलं."

त्या दिवसापर्यंत मी ताई होते.

दोन दिवसांनी ऑफिसातून कुणीतरी बोललं की त्या बाईच्या घरीही कॉलेजचे उंदीर आहेत. वस्तीत बातमी फिरायला अर्धा तास पुरला. मला कळलं तेव्हा मी सायकल काढली. गल्लीत पन्नास माणसं होती, तोंडाला रुमाल बांधून. कलाबाई दाराच्या चौकटीत दोन्ही हात रोवून उभ्या.

"काढा बाहेर!" कुणीतरी ओरडलं. "आमची पोरं शेतस आठे!"

"तुमना गटारमा हात-हातभर घुशी फिरतस," कलाबाई ओरडल्या, "पाच वरीस व्हयनात म्युनिसिपालटीले अर्ज करी राहिनू, गटार साफ करा, गटार साफ करा. कोनी उनं का मना संगे? एक सही करी का कोनी? आते पाच म्हातारा उंदरंस्ले माराले पन्नास जन उनात! जा, पहिले गटारमा उतरा!"

गर्दी थोडी हलली, पण पांगली नाही. मी पुढे झाले. मी कॉलेजात शिकवते, हे उंदीर रोगी नाहीत, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "मग कॉलेजवाल्यांनी आपले कशाला मारले?"

कलाबाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मला पुरलं.

गर्दी पांगली, मी थांबले. संध्याकाळी प्रेमकुंवर भाभी मागच्या दाराने आल्या. सकाळी नगरपालिकेची माणसं औषध घेऊन येणार, शेठने ऐकलंय, असं त्यांनी सांगितलं. सोबत झाकणाची वेताची टोपली आणली होती. ह्या वेळी त्यांनी स्वतः एक उंदीर उचलून आत ठेवला.

पहाटेची पहिली साक्रीची गाडी. मी खेळण्यांचं पोतं घेऊन स्टँडवर गेले. पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्यांतून माणसं लोंबकळत उतरत होती. सुरतेच्या दिशेला जाणारी गाडी मात्र जवळजवळ रिकामी. कलाबाई टोपली मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मी खिडकीतून पोतं दिलं. त्यांनी घेतलं. पायाशी ठेवलं.

कंडक्टरने विचारलं, "मावशी, सगळं गाव तिकडून इकडे पळतंय, तुम्ही उलट्या कुठे? आणि टोपलीत काय?"

"उंदीर," कलाबाई म्हणाल्या.

कंडक्टर मोठ्याने हसला. बाई भडकलीय म्हणून टोमणा मारतेय, असं त्याला वाटलं असावं. "बसा, बसा," म्हणत त्याने तिकीट फाडलं.

माहेरच्या गावाबाहेर त्यांचा भाऊ वना ह्याचं शेत होतं, बाजरीचं. शेतातल्या झोपडीत उंदीर दीड महिना राहिले. भावाने आधी डोक्याला हात लावला, आणि आठवड्याने स्वतःच बाजरीची कणसं पिंजऱ्यात उभी बांधून द्यायला लागला, त्यांना चढायला. पाचातला एक म्हातारपणाने गेला. चौघांना घेऊन कलाबाई नोव्हेंबरात परतल्या. तोवर धुळ्यात कुणाला प्लेग आठवत नव्हता. लोक रुमाल खिशात घालून दिवाळीची खरेदी करून मोकळे झाले होते. त्याचाच कलाबाईंना सगळ्यात जास्त संताप आला. "इतलामा इसरी गयात?" त्या म्हणत. "मारं कसाले मंग?" बिनपगारी रजेचे दिवस त्यांनी मुकाट्याने कापून घेतले.

जानेवारीत पुण्याहून नवे उंदीर आले. भामरे सरांनी कलाबाईंना बोलावलं आणि झालं गेलं विसरून खोलीचा ताबा घ्या म्हणाले. खेळणीही ठेवा, माझी हरकत नाही, म्हणाले. कलाबाईंनी एकच अट घातली. जुन्या बेचाळिसांना रोग नव्हता, हे रजिस्टरमध्ये लिहा. रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे 'रोगप्रतिबंधक उपाय' असं लिहिलेलं होतं. सर म्हणाले, ते आता बदलता येत नाही.

"मंग तुमना उंदीर तुम्हीच सांभाळा."

त्यांना लायब्ररीत झाडू मारायला पाठवलं. पगार तोच, पण पन्नाशीतल्या बाईला तीन मजल्यांचे जिने. त्या रोज झाडायच्या. विभागासमोरून जाताना मान वळवायच्या नाहीत.

खेळण्यांचं काम मी घेतलं. वाईट करायचे. सुतळीच्या गाठी सुटायच्या, करवंटीच्या कडा टोकदार राहायच्या. शेवटी एका रविवारी मी पांझरेकाठी त्यांच्या घरी गेले. त्यांनी आत घेतलं. चहा दिला नाही. भोक कसं घासायचं, गाठ कशी मारायची, एवढंच दाखवलं. पुढच्या रविवारीही गेले. असे पुष्कळ रविवार गेले. रागावलेल्या माणसाकडून शिकणं अवघड असतं, पण त्यांनी कधी अर्धवट शिकवलं नाही.

१९९७ साली आमच्याकडे एक नर होता, तो स्वतःचाच पाय कुरतडायचा. जखम चिघळू नये म्हणून मी त्याला वेगळा ठेवला होता. पिंजरा खेळण्यांनी भरला. चाक दिलं, शिडी दिली, काडेपेटी दिली, दर तीन दिवसांनी सगळं बदललं. तो कशाकडे बघायचा नाही. मी लायब्ररीच्या जिन्यावर जाऊन कलाबाईंना सांगितलं. म्हटलं, "एकदाच या. माझ्यासाठी नका येऊ."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत आल्या. भामरे सर दारात होते, ते बाजूला झाले. कलाबाई पिंजऱ्यापुढे वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्यावर ओरडल्या, सगळ्या विभागाला ऐकू जाईल असं.

"कितला शिकनात तुम्ही? याले खेळनं नही जोयजे! याले जोडीदार जोयजे! एकला जीव कोनासंगे खेळी?"

शेजारच्या पिंजऱ्यातला एक शांत म्हातारा त्यांनी उचलला, कोटाच्या खिशात दहा मिनिटं ठेवला, मग दोघांना गोणपाटाच्या दोन टोकांना सोडलं आणि मधे हात ठेवून बसून राहिल्या. नर आधी फुगला. मग म्हाताऱ्याने त्याच्या मानेचे केस चाटायला सुरुवात केली. लंच संपल्याची घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत. दोघं एका करवंटीत शिरल्यावर उठल्या.

"जखमवर हळद लावू नका, चाटी टाकस," म्हणाल्या. भामरे सर काहीतरी बोलायला पुढे आले, तर त्यांच्याकडे न बघता कलाबाईंनी मांडणीवरचं रजिस्टर उघडलं, चौऱ्याण्णव सालचं पान काढलं आणि बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

मी पेन काढलं. सरांच्या देखत 'रोगप्रतिबंधक उपाय' ह्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'रोग नव्हता. भीतीपोटी मारले.' खाली सही केली, माझी. सरांनी सही केली नाही. त्यांनी कधीच केली नाही.

कलाबाईंनी वाचलं. "एकच सही शे," म्हणाल्या आणि लायब्ररीकडे निघून गेल्या. तिसरा मजला झाडायचा राहिला होता.